फौजी आमदार कशाला हवा

गेल्या चवथीची गोष्ट. आमच्या पेडण्याकडे आरत्या झाल्या की माणसं पडवीत बसतात, चहा येतो, करंज्या येतात आणि मग गप्पा सुरू होतात, त्या त्यावेळी फिरून फिरून २०२७ च्या विधानसभेवरच येत होत्या. कोण कुठल्या पक्षात जाणार, कोणाचं तिकीट कापणार, हेच सगळं. मग शेजारचा एकजण वैतागून म्हणाला की हे सगळे सोडा, आपल्याला एक मिलिटरीवाला आमदार पाहिजे, सहा महिन्यांत सगळ्यांना सरळ करतो की नाही बघा. सगळ्यांनी माना डोलावल्या. माझे काका तिथेच बसले होते, मराठा लाइट इन्फंट्रीत चोवीस वर्षं काढून हवालदार म्हणून रिटायर झालेले. ते काही बोलले नाहीत. कप खाली ठेवला आणि आत निघून गेले.

मला ते लागलं, कारण त्या पडवीत मिलिटरीवाला म्हणावा असा एकटा माणूस तोच होता आणि त्याला कोणी विचारलंसुद्धा नाही की तुमचं काय मत. तेव्हापासून हे डोक्यात घोळतंय. मलाही मनापासून वाटतं की फौजेतून आलेली माणसं आपल्या विधानसभेत असावीत, आहेत त्याहून जास्त असावीत, पण आपण ज्या कारणासाठी ती मागतो ते कारणच चुकलंय. आपल्याला हवा असतो धाक, कोणीतरी यावं आणि काठी घेऊन सगळ्यांना रांगेत उभं करावं. फौज म्हणजे काठी असं ज्याला वाटतं त्याने फौज जवळून बघितलेली नाही असं मी स्पष्ट म्हणतो.

आधी आपल्या गोव्याचंच बघू. इथे कोणाच्या नावापुढे कॅप्टन असलं की पहिल्यांदा विचारावं लागतं कुठले कॅप्टन. बाणावलीत २०२२ ला चर्चिल आलेमावना पाडून आम आदमी पक्षाचे जे निवडून आले ते कॅप्टन वेन्झी व्हिएगस मर्चंट नेव्हीचे, म्हणजे व्यापारी जहाजावरचे. आणि कॅप्टन विरियातो फर्नांडिस हे भारतीय नौदलातले, ते २०२२ ला दाबोळीत मावीन गुदिन्हो यांच्याकडून हरले आणि २०२४ ला काँग्रेसकडूनच दक्षिण गोव्यातून साडेतेरा हजारांच्या फरकाने लोकसभेवर गेले. दोघांच्याही कामाबद्दल मी इथे काही ठरवत नाही, मुद्दा वेगळा आहे. मतदारांपैकी कितीजणांना या दोन कॅप्टनांतला फरक माहीत होता? माझ्याच ऑफिसात चारपैकी तीन जणांना नव्हता. म्हणजे आपण नुसत्या शब्दाला भुलतो, त्या शब्दामागे कुठली नोकरी, किती वर्षं, काय काम, हे विचारत नाही. विरियातोंच्या २०२४ च्या प्रचारात, राज्यघटना गोव्यावर लादली गेली अशा अर्थाच्या त्यांच्या बोलण्यावरून देशभर वाद झाला, तेव्हा माझ्या ओळखीतले निम्मे म्हणत होते फौजी माणूस आहे, त्याच्या देशप्रेमावर शंका घेऊ नका, आणि निम्मे म्हणत होते फौजी असून असं बोलतो. मूळ मुद्दा दुहेरी नागरिकत्वाचा, पोर्तुगीज पासपोर्टवर बाहेर गेलेल्या हजारो गोंयकारांच्या पोटाचा, त्यावर कोणी बोलतच नव्हतं. वर्दी मध्ये आली की आपण मुद्दा विसरतो, दोन्ही बाजूंनी विसरतो.

आणि मिलिटरीवाला येऊन सरळ करेल हे म्हणणाऱ्यांनी जरा १९६१ आठवावं. १९ डिसेंबरला गोवा मुक्त झाला, तिकडे दमण घेतलं ते मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या बटालियनने, आमच्या काकांच्याच रेजिमेंटने, ते अजून अभिमानाने सांगतात. मेजर जनरल कँडेथ इथले लष्करी गव्हर्नर झाले. साडेचारशे वर्षांची सत्ता गेलेली, सगळी ऑफिसं, तिजोऱ्या, पोलीस त्यांच्या हातात. आणि त्यांनी काय केलं? जून १९६२ पर्यंत कारभार मुलकी प्रशासनाच्या हातात दिला आणि गेले. डिसेंबर १९६३ ला इथे सगळ्या प्रौढांना मताचा हक्क असलेली पहिली विधानसभा निवडणूक झाली, भाऊसाहेब बांदोडकर मुख्यमंत्री झाले, आमच्या आजीने आयुष्यात पहिल्यांदा मत दिलं ते तेव्हा. लष्कराने गोव्याला दिलेली सगळ्यात मोठी गोष्ट मला विचाराल तर ही, की ते वेळेवर निघून गेले. शेजारच्या देशात असं झालं नाही त्याचे परिणाम आपण बघतोच.

आपल्याकडे ही रेघ किती जपली जाते त्याचं एक उदाहरण गोंयकाराचंच आहे. जनरल सुनीथ रॉड्रिग्स, गोव्याच्या घराण्यातले, १९९० ते १९९३ लष्करप्रमुख. १९९२ ला पदावर असताना एका मुलाखतीत चांगला राज्यकारभार हा लष्कराच्याही काळजीचा विषय आहे अशा अर्थाचं काहीतरी बोलून गेले, तर संसदेत एवढा गदारोळ झाला की त्यांना खेद व्यक्त करावा लागला. वाक्य तसं खोटं होतं का? नव्हतं. पण वर्दी अंगावर असताना ते बोलायचं नसतं. सैनिकाला मतदानाचा हक्क आहे पण राजकारणात भाग घ्यायचा नाही, सभेला जायचं नाही, पेपरात राजकीय लिहायचं नाही, आपल्या घटनेच्या ३३ व्या कलमाने आणि आर्मी ॲक्टने ती बंधनं घातली आहेत. वीस-पंचवीस वर्षं माणूस तोंड मिटून देश बघतो. तो रिटायर झाल्यावर बोलायला लागला तर त्याच्याकडे सांगण्यासारखं खूप असतं, आणि ते ऐकायला पाहिजे, यासाठीच मला ही माणसं विधानसभेत हवी आहेत.

आता शपथेचं बघा, मला हे जुळवून बघितल्यावर अंगावर काटा आला. जवान भरती होताना शपथ घेतो की कायद्याने स्थापन झालेल्या भारताच्या संविधानाशी मी खरी श्रद्धा आणि निष्ठा ठेवीन, जमिनीवर, समुद्रात, हवेत, जिथे पाठवाल तिथे जाईन, आणि जिवावर बेतलं तरी हुकूम पाळीन. आमदार शपथ घेतो तेव्हा सुरुवातीचं वाक्य तेच असतं, कायद्याने स्थापन झालेल्या संविधानाशी खरी श्रद्धा आणि निष्ठा. आमदाराला तर ती दोनदा घ्यावी लागते, एकदा उमेदवारी भरताना आणि एकदा निवडून आल्यावर. शब्द तेच, फक्त आमदाराच्या शपथेत जिवाचा उल्लेख नाही आणि हुकूम पाळण्याचाही नाही. हे दुसरं फार महत्त्वाचं आहे. आमदाराला कोणी हुकूम द्यायचा नसतो. त्याने स्वतःच्या बुद्धीने आणि मतदारांकडे बघून बोलायचं असतं.

इथेच फौजी माणसाची खरी अडचण होते आणि त्याबद्दल कोणी बोलत नाही. आपण म्हणतो फौजीला शिस्त असते. कबूल. पण शिस्त म्हणजे वरून आलेलं ऐकणं असा जर अर्थ घेतला, तर पक्षाला असा आमदार फार आवडेल, व्हिप, म्हणजे मत कसं द्यायचं याचा पक्षाचा हुकूम, आला की हात वर, विषय काय ते न वाचता. मग त्याच्यात आणि बाकीच्यांत फरक काय राहिला? खरं म्हणजे फौजेचा कायदाही आंधळेपणाने ऐका असं म्हणत नाही. आर्मी ॲक्टमध्ये शिक्षा आहे ती कायदेशीर हुकूम मोडल्याबद्दल, कायदेशीर हा शब्द तिथे मुद्दाम आहे. बेकायदा हुकूम न पाळणं हेही सैनिकाचंच काम. आपल्या सत्तरीच्या इतिहासात १८९५ चं बंड आहे, पोर्तुगिजांनी इथल्या मराठा शिपायांना मोझांबिकला जाऊन तिथल्या लोकांचं बंड मोडायचा हुकूम दिला, ते गेले नाहीत, सत्तरीत निघून गेले आणि तिथले राणे घराण्यातले लोक त्यांना येऊन मिळाले. लहानपणी आम्हाला ही गोष्ट शौर्याची म्हणून सांगितली जायची. मला आता वाटतं ती नकाराची जास्त आहे.

म्हणून माझी अपेक्षा शिस्तीची नाहीच. माझी अपेक्षा आहे पहाऱ्याची. काका सांगतात, संतरी म्हणून उभं राहिलं की बदली येईपर्यंत जागा सोडायची नाही, पाऊस असो, ताप असो, घरून तार आलेली असो. आर्मी ॲक्टचं ३४ वं कलम वाचा, ताब्यात दिलेली चौकी, ठाणं, जागा लाजिरवाण्या रीतीने सोडून देणाऱ्याला मृत्युदंडापर्यंत शिक्षा होऊ शकते. आता गोव्याकडे बघा. जुलै २०१९ मध्ये काँग्रेसच्या १५ पैकी १० आमदार एका संध्याकाळी भाजपमध्ये गेले. मग २०२२ ला निवडणुकीच्या तोंडावर काँग्रेसच्या उमेदवारांना पणजीच्या महालक्ष्मीला, बांबोळीच्या खुरसाकडे, म्हणजे क्रॉसकडे, आणि बेतीच्या दर्ग्यात नेऊन शपथा घ्यायला लावल्या की आम्ही पक्ष सोडणार नाही. निकाल लागून सहा महिने झाले आणि १४ सप्टेंबर २०२२ ला ११ पैकी ८ गेले. दोन तृतीयांश गेले की घटनेच्या दहाव्या परिशिष्टाप्रमाणे ते विलीनीकरण ठरतं, पक्षांतर नाही, आमदारकी जात नाही. कायद्यात बसलं म्हणे. बसलं असेल. पण ज्या बाईने उन्हात उभं राहून एका चिन्हावर बटण दाबलं, तिने एक जागा तुमच्या ताब्यात दिली होती आणि ती तुम्ही तिला न विचारता दुसऱ्याला दिली. फौजेच्या भाषेत याला काय म्हणतात ते मी वर लिहिलं आहे. मी सगळ्याच पक्षांबद्दल बोलतोय, गोव्यात १९९० पासून सरकारं अशीच पडली आणि उभी राहिली, कोणाचे हात स्वच्छ नाहीत.

मग फौजी आमदार असं करणार नाही याची खात्री आहे का? नाही. पंजाबचे कॅप्टन अमरिंदर सिंग शीख रेजिमेंटमधले, राजीनामा देऊन घरी आलेले आणि १९६५ चं युद्ध सुरू झालं तर परत गेले. १९८४ ला ऑपरेशन ब्लू स्टारनंतर त्यांनी काँग्रेस सोडली, आणि नुसता पक्ष सोडला नाही, लोकसभेची जागाही सोडली. मग अकाली दलातर्फे विधानसभेत निवडून आले, मंत्री झाले, आणि १९८६ ला पुन्हा सुवर्ण मंदिरात पोलीस घुसले तेव्हा मंत्रिपद सोडलं. माझ्यासाठी ही नमुन्याची गोष्ट आहे, पटत नसेल तर जा, पण दिलेली जागा लोकांना परत करून जा. आता पुढचंही सांगायला हवं, हेच अमरिंदर २०२१ ला मुख्यमंत्रिपद गेल्यावर काँग्रेसमधून बाहेर पडले, स्वतःचा पक्ष काढला, २०२२ ला पटियालात स्वतःच हरले आणि त्याच वर्षी भाजपमध्ये गेले. माणूस तोच, रेजिमेंट तीच. म्हणजे वर्दी माणसाला आयुष्यभर पुरत नाही, प्रत्येक वेळी त्याला नव्याने ठरवावं लागतं. उत्तराखंडचे मेजर जनरल खंडुरी बघा, इंजिनियर्स कोअरमधले, त्यांच्या सरकारने २०११ ला लोकायुक्ताचा कडक कायदा आणला, पक्षाने त्यांच्याच नावावर २०१२ ची निवडणूक लढवली आणि ते स्वतः कोटद्वारला पडले. राज्यभर नाव आणि स्वतःच्या मतदारसंघात पराभव.

हे का होतं ते आमच्या घरात मला कळलं.

२०१७ च्या पंचायत निवडणुकीत काका आमच्या वॉर्डात पंच म्हणून उभे राहिले. सगळ्यांनी मिळून उभं केलं होतं, म्हणजे त्याच पडवीतल्या लोकांनी. काका फौजेत शेवटी कंपनी क्वार्टरमास्टर हवालदार होते, म्हणजे राशन, कपडे, सामान, सगळा हिशोब त्यांच्याकडे, एक ब्लँकेट कमी भरलं तर झोप लागायची नाही असा माणूस. त्यांनी प्रचारासाठी काय केलं तर पंचायतीच्या तीन वर्षांच्या जमाखर्चाची माहिती अर्ज करून काढली, वही केली, आणि घरोघरी ती वही घेऊन गेले. आपल्या गटाराचं काम दोनदा दाखवलंय, हे बघा. लोक वही बघायचे आणि म्हणायचे, ते राहू दे काका, आमच्या घराला नंबर मिळेल काय, मागच्या बाजूला दोन खोल्या वाढवल्यात त्याचं काय, पोराचं नोकरीचं कोणाला तरी सांगाल काय. काका सगळ्यांना एकच उत्तर द्यायचे की नियमात बसत असेल तर करीन. एकतीस मतांनी पडले.

मला तेव्हा लोकांचा फार राग आला होता. आता तेवढा येत नाही, कारण काकांचंही चुकलं. ज्या बाईच्या मागच्या दोन खोल्या बेकायदा होत्या तिचा नवरा आजारी होता आणि त्या खोल्यांच्या भाड्यावर तिचं घर चालत होतं, तिला नियमात बसत असेल तर एवढं पुरत नव्हतं, तिला कोणीतरी अर्धा तास बसून ऐकायला हवं होतं आणि नियमात बसवायचा रस्ता काय, कुठला फॉर्म, कुठलं ऑफिस, हे सांगायला हवं होतं. काका दोन मिनिटांत उठायचे. फौजेत सांगितलं की काम होतं, गावात सांगितलं की पहिल्यांदा भांडण होतं, मग चहा, मग दुसऱ्यांदा भांडण, आणि कधीतरी काम. फौजेतून आलेल्या किती चांगल्या माणसांचा इथे धीर सुटतो. ते म्हणतात लोकच असे आहेत, आणि घरी बसतात. लोक असेच आहेत हो, आणि त्यांचेच प्रतिनिधी व्हायचंय.

आमदाराचं तर याहून कठीण. गोव्यात चाळीस मतदारसंघ आणि २०२२ ला साडेअकरा लाखांच्या आसपास मतदार, म्हणजे एका आमदाराच्या वाट्याला जेमतेम एकोणतीस हजार. महाराष्ट्रात एका आमदारामागे लाखांत मतदार असतात, तिथे आमदार दिसला नाही तर चालतं. इथे नाही चालत. सकाळी सातला दारात माणसं, दहाला कुठल्यातरी खात्यात, दुपारी कोणाच्या तरी बाराव्याला, संध्याकाळी क्रिकेटच्या फायनलला बक्षीस वाटायचं, रात्री जत्रेत दहीकाला असेल तर तिथे नारळ आणि दोन शब्द. फोन नाही उचलला की माणूस मोठा झाला. यात माणूस असा पिसला जातो की विधानसभेत गेल्यावर वाचायला वेळच उरत नाही, आणि ज्यासाठी निवडून दिलं ते खरं काम तिथेच असतं, पर्वरीला. तारांकित प्रश्न, म्हणजे मंत्र्याने सभागृहात तोंडी उत्तर द्यायचा प्रश्न, नीट लिहिणं, मंत्र्याने टोलवलं तर पुरवणी प्रश्न विचारणं, अर्थसंकल्पाच्या मागण्यांवर रक्कम कमी करा अशी कपात सूचना देणं, लोकलेखा समितीत बसून महालेखापरीक्षकांचा अहवाल पानापानाने वाचणं. हे कोणी फेसबुकवर टाकत नाही कारण त्यात बघण्यासारखं काही नसतं. आणि नेमकं हेच काम काकांसारखा क्वार्टरमास्टर डोळे मिटून करेल. सामान आलं किती, दिलं किती, उरलं किती, सही कोणाची. चार्ज घेताना एकेक वस्तू मोजून घ्यायची आणि देताना मोजून द्यायची, फौजेत याला हँडिंग टेकिंग म्हणतात, आणि हेच सवयीने येतं ते मला विधानसभेत हवं आहे. दरडावणारा आवाज नको, मोजणारं डोकं हवं.

आता यातली एक गोष्ट मला खुपते ती बोलतोच. देशभरात तिकिटं मिळालेले फौजी आठवून बघा, कॅप्टन, कर्नल, ब्रिगेडियर, जनरल. राजस्थानचे कर्नल राज्यवर्धन राठोड, ऑलिंपिकचं रौप्य पदक, दोनदा खासदार, २०२३ ला झोटवाड्याचे आमदार आणि मंत्री. आपल्या शेजारी राजापूर लोकसभा मतदारसंघात १९९१ ला फौजेतले सुधीर सावंत निवडून आले, तेही मधू दंडवत्यांसारख्या माणसाला हरवून, ज्या दंडवत्यांनी गोव्याच्या मुक्तीसाठी सत्याग्रह केला होता. सगळे अधिकारी. पण पेडणे, सत्तरी, डिचोली, पलीकडे दोडामार्ग-सावंतवाडी, इथून फौजेत गेलेली बहुतेक पोरं जवान म्हणून गेली, नायक, हवालदार, फार तर सुभेदार होऊन आली. चाळिशीत रिटायर. आज ती कुठे दिसतात? हॉटेलच्या गेटवर, फार्मा कंपनीच्या गेटवर, एटीएमच्या बाहेर, बिल्डरच्या साइटवर. ज्याने सियाचीनला पोस्ट सांभाळली तो कसिनोवाल्यांच्या गाड्यांना सलाम ठोकतो. काम हलकं नसतं, पोटासाठी करतात, मला त्याबद्दल आदरच आहे. पण त्यांना तिकीट द्यावं असं एकाही पक्षाला का वाटत नाही? २६ जानेवारीला बोलावून शाल-नारळ देतात, फोटो काढतात, संपलं. कारण निवडणूक लढवायला पैसा लागतो आणि हवालदाराच्या पेन्शनमध्ये तो नसतो, आणि दुसरं कारण असं की हवालदार लोकांसारखाच दिसतो, पोस्टरवर त्याचा रुबाब येत नाही.

पोस्टरवरून आठवलं. निवडणूक आयोगाने २०१३ मध्ये सगळ्या पक्षांना लिहून कळवलं होतं की प्रचारात सैनिकांचे फोटो वापरू नका, सैन्य राजकारणापासून अलिप्त असतं, आणि मार्च २०१९ मध्ये तेच परत कळवावं लागलं. तरी वापरतात. माजी सैनिकाने स्वतः उभं राहताना तरी वर्दीतला फोटो लावू नये असं माझं ठाम मत आहे. ती वर्दी तुमच्या एकट्याची नव्हती, तुमच्या शेजारच्या खंदकात जो होता तो कदाचित दुसऱ्या पक्षाला मत देतो.

कोणी म्हणेल की फौजी आमदार हवा तो फौजींचे प्रश्न मांडायला. यातही अर्धंच खरं आहे. वन रँक वन पेन्शनची, म्हणजे सारखा हुद्दा आणि सारखी नोकरी असेल तर सारखं पेन्शन, ही मागणी किती दशकं चालली, २०१५ च्या जूनपासून म्हातारे सैनिक दिल्लीत जंतर मंतरवर बसले होते, आणि ५ सप्टेंबर २०१५ ला त्याची घोषणा कोणी केली तर तेव्हाचे संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकरांनी, ज्यांनी फौजेत एक दिवस काढला नव्हता. ती अपुरी होती, दर वर्षीऐवजी दर पाच वर्षांनी फेरआढावा ठेवला म्हणून माजी सैनिक कोर्टात गेले आणि २०२२ ला सुप्रीम कोर्टाने सरकारचं धोरण कायम ठेवलं, हे सगळं खरं. काकांना थोडीफार वाढ मिळाली ती त्यातूनच. तेव्हा सैनिकांसाठी सैनिकच लढतो असं काही नाही.

पण अर्धं खरं आहे ते असं. आपल्या गोव्यात फौज आणि गाव सारखे एकमेकांना भिडतात, दाबोळी विमानतळ नौदलाच्या आयएनएस हंसा या तळावर आहे, तिथल्या वेळा, जागा, रस्ते, भिंती, सगळ्याचे वाद असतात. ऑगस्ट २०२१ मध्ये सांव जासिंतो बेटावर नौदलाला तिरंगा फडकवायचा होता आणि तिथल्या काही रहिवाशांनी हरकत घेतली, त्यांना भीती होती की आज झेंडा आणि उद्या बेट ताब्यात. टीव्हीवर दोन दिवस त्यांना देशद्रोही ठरवण्याचा कार्यक्रम चालला. शेवटी मुख्यमंत्र्यांनी मध्ये पडून झेंडा फडकवला गेला, पण तोवर जे बोलायचं ते बोलून झालं होतं. त्यावेळी तिथे नौदलात वीस वर्षं काढलेला एखादा आमदार असता तर तो रहिवाशांना सांगू शकला असता की नौदलाची पद्धत अशी असते, कागद दाखवा म्हणा, आणि नौदलाला सांगू शकला असता की ही माणसं झेंड्याला घाबरत नाहीत, भूसंपादनाला घाबरतात. दोन्ही भाषा येणारा माणूस. त्याची किंमत मला धाक दाखवणाऱ्यापेक्षा शंभरपट जास्त वाटते.

आणि आता अग्निवीर येतील. २०२२ ला योजना आली, चार वर्षांची नोकरी, चारातल्या एकाला पुढे ठेवणार, बाकीचे तीन पेन्शनशिवाय घरी. पंचविशीच्या आसपासची पोरं, हातात सेवानिधीचे अकरा-बारा लाख आणि पुढे पूर्ण आयुष्य. ही पोरं आपल्या तालुक्यांत परत येणार. त्यांच्यासाठी राज्य काय करणार, पोलीस भरतीत, वनखात्यात, अग्निशामक दलात खरोखर किती जागा देणार, हा प्रश्न विधानसभेत आकड्यांसकट कोण विचारणार आहे? हा प्रश्न घोषणेने सुटत नाही, दर अधिवेशनात तोच प्रश्न पुन्हा टाकून मागच्या उत्तराशी ताडून बघावा लागतो. एखाद्या रिटायर्ड सुभेदाराला द्या ना हे काम, तो सोडणार नाही.

मी त्या दिवशी नंतर काकांना विचारलं, तुम्ही काहीच का बोलला नाहीत. ते म्हणाले, अरे त्यांना आमदार नको, त्यांना सीएचएम पाहिजे. सीएचएम म्हणजे कंपनी हवालदार मेजर, परेडवर ओरडतो तो. मग थोडं थांबून म्हणाले, तो ओरडतो ते पोरं पुढे मरू नयेत म्हणून, हे त्यांना माहीत नाही.

ते आता परत उभे राहणार नाहीत, गुडघे गेलेत. पण रविवारी ग्रामसभा असली की इस्त्रीचा शर्ट घालून, वही घेऊन अर्धा तास आधी जाऊन पुढच्या खुर्चीत बसतात. त्या गटाराचा प्रश्न त्यांनी आजवर अकरा ग्रामसभांत विचारलाय, सरपंच मध्ये चार बदलले. मागच्या वेळी त्यांच्या बाजूला ती दोन खोल्यांवाली बाई येऊन बसली होती, आणि काकांचं बोलून झाल्यावर तिने हात वर केला.